काच, वारा आणि दुपट्टा

मोटारसायकलला पुढे मोठी काच लावली की वारा लागत नाही, असं ज्यांनी काच लावलेली नाही त्यांना वाटतं. ज्यांनी लावलेली आहे ते जरा थांबून उत्तर देतात. छातीवरचा वारा जातो हे खरं. पण ताशी ७०-८० किलोमीटरच्या पुढे गेलं की तोच वारा काचेच्या वरच्या कडेवरून येऊन हेल्मेटला टपल्या मारायला लागतो. नजर थरथरते, कानात ढोल वाजतात आणि तासाभरात मान आखडते. या प्रकाराला इंग्रजीतून आलेला शब्द आहे बफेटिंग. मराठीत नेमका शब्द मला सापडला नाही, त्यामुळे आमच्या चंद्रपूरच्या मेकॅनिकचं वाक्यच इथे देतो: "काच मोठी लावली का डोस्कं जास्त हालते नं भाऊ!"

तर मंडळी, या वीकांताचा लेख या हालणाऱ्या डोसक्याचा इतिहास सांगणारा आहे. पोटापाण्यासाठी मी पुण्यात संगणकासमोर बसतो, पण घर चंद्रपूरला. त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्यात चंद्रपूर-मूल-सावली-गडचिरोली हा रस्ता आणि जमलं तर पुढे आष्टी-आलापल्ली, हे ठरलेलं. वाऱ्याचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. चिचपल्ली-केळझरकडचं जंगल म्हणजे झाडांचा बोगदा, वारा जवळजवळ शांत. मूल सोडलं की धानाची उघडी बांधी आणि जुने तलाव, तिथे वारा आडवा. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल, तिथे तर विचारूच नका. आणि कोळशाचे किंवा सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून आले की प्रत्येक ट्रकसोबत एक छोटं वादळ येतं. शंभर किलोमीटरच्या आत एवढे नमुने!

आधी थोडं गणित. (घाबरू नका, एकच परिच्छेद आहे.) वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सरळ बसलेल्या माणसाचं वाऱ्याला अडवणारं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरा. ताशी ६० ला छातीवर साधारण साडेआठ किलोचा दाब येतो. ताशी ९० ला तो १९ किलो होतो. वेग दीडपट, दाब सव्वादोनपट. पूर्वी खड्ड्यांमुळे गाडी चाळिसाच्या वर जातच नव्हती, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नाही. रस्ते रुंद झाले आणि वारा लक्षात यायला लागला.

पण दाब स्थिर असेल तर त्याचा एवढा त्रास होत नाही. माणूस थोडा पुढे झुकतो, मान सावरून धरतो आणि चालवतो. त्रास होतो तो दाब सेकंदाला दहा-बारा वेळा कमीजास्त झाल्यावर. असं का होतं, याचा शोध मोटारसायकलवाल्यांनी लावलेला नाही. ती गोष्ट १९११ सालची, जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनची.

तिथे लुडविग प्रांटल नावाचे मोठे प्राध्यापक होते. त्यांचा हीमेंझ नावाचा विद्यार्थी वाहत्या पाण्यात एक गोल दांडा उभा करून त्यावरचा दाब मोजत होता. पाणी काही केल्या स्थिर वाहीना, दांड्यामागे सारखं डावीकडे-उजवीकडे हेलकावे खाई. प्रांटल म्हणाले, तुझा दांडा नीट गोल नसेल. त्याने दांडा घासून गोल केला. मग म्हणाले, तुझी पन्हळ सारखी नसेल. त्याने पन्हळ सुधारली. हेलकावे तसेच. तिथेच थिओडोर फॉन कारमान हा तरुण संशोधक काम करत होता. तो रोज सकाळी येता-जाता विचारायचा, काय, स्थिरावला का प्रवाह? आणि हीमेंझ रडवेला होऊन सांगायचा, नाही हो, हालतोच आहे. शेवटी कारमानने विचार केला की रोज हालतो म्हणजे त्याला तसंच कारण असणार. शनिवार-रविवार बसून त्याने गणित मांडलं. अडथळ्याच्या मागे एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने भोवरे सुटतात, आणि त्यांची अशी एकाआड एक रांगच स्थिर राहू शकते. तिला आज कारमानची भोवऱ्यांची रांग म्हणतात.

आमच्या धंद्यात याला "बग नाही, फीचर आहे" म्हणतात :-) हीमेंझ बिचारा निसर्गाचं फीचर डीबग करत बसला होता. आणि बघा, वीकांताला केलेलं काम वाया जात नाही!

मोटारसायकलची काच म्हणजे असाच वाऱ्यातला अडथळा. साधारण ४० सेंटीमीटर रुंदीची काच आणि ताशी ९० चा वेग धरला तर हिशेबाने सेकंदाला बाराएक भोवरे निघतात. ढोबळ हिशेब आहे, कारण खऱ्या काचेला वरची कड असते, खाली दिवा असतो, मागे माणूस असतो. पण हेल्मेटवर टपल्या किती वेगाने बसतात त्याचा अंदाज येतो.

भोवरे निघणं वेगळं आणि त्यात दुसरी वस्तू सापडणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीची किंमत पहिल्यांदा कळली ती विमानात. २१ जुलै १९३० ला फ्रान्सहून लंडनजवळच्या क्रॉयडनला निघालेलं एक युंकर्स विमान केंट परगण्यातल्या मेओफम गावावर हवेतच तुटलं. सहाच्या सहा माणसं गेली. ब्रिटिश चौकशी समितीने विंड टनेलमध्ये मॉडेल ठेवून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की ढगातल्या जोरदार वर जाणाऱ्या वाऱ्याने पंखावरचा प्रवाह फाटला, त्यातून निघालेली खळबळ मागे जाऊन शेपटीवर आदळली, शेपटी हादरून तुटली आणि मग सगळंच. बफेटिंग हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो या चौकशीनंतर. पंख पुढे, शेपटी मागे. काच पुढे, डोकं मागे. आपलं दुखणं तेच आहे, नशिबाने आपली मान शेपटीपेक्षा लवचिक.

यावरचा उपाय शोधण्यातही कारमानच होता. तोवर तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला होता. तिथल्या विंड टनेलमध्ये नॉर्थ्रॉप कंपनीच्या विमानाची शेपटी अशीच हादरत होती. त्याच्या गटाने पंख आणि धड जिथे मिळतात तो कोपरा गोलसर भरून काढला, आणि हादरे जवळजवळ बंद. पुढे डग्लस कंपनीच्या विमानांना हाच गोलसर सांधा आला, म्हणजे आपल्या डाकोटालाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र येऊन टपालाच्या थैल्या बदलायची. ती विमानं डाकोटाच. विदर्भाच्या आकाशात हा उपाय असा फार पूर्वी येऊन गेला. रस्त्यावर यायला मात्र वेळ लागला.

लक्षात घेण्यासारखं हे की पंख कुणी मोठा केला नाही. वारा जिथे फाटत होता ती कड फक्त सुधारली. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता मोटारसायकल. इटलीच्या मोटो गुझ्झी कंपनीने १९५० मध्ये मांडेल्लो गावातल्या कारखान्यात पूर्ण आकाराच्या मोटारसायकलसाठी विंड टनेल बांधला. शर्यतीच्या गाड्यांवर मग पुढचं चाकसुद्धा झाकणारं मोठं कवच आलं. कचऱ्याच्या डब्यासारखं दिसायचं म्हणून इंग्रज त्याला डस्टबिनच म्हणत. समोरचा वारा मस्त कापला जायचा, पण आडवा झोत आला की गाडी शिडाच्या होडीसारखी बाजूला जायची. १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने चाक झाकणाऱ्या कवचावर बंदी आणली. वैनगंगेच्या पुलावरून एकदा मोठी काच लावून जाऊन या, बंदी का आली ते आपोआप समजेल.

साध्या माणसासाठीही प्रयत्न झाले. इंग्लंडात रेडिचला रॉयल एनफिल्डने १९५८ च्या सुमारास एअरफ्लो नावाने कवच आणि काच असलेल्या गाड्या काढल्या. त्याच वर्षी एरियल लीडर आली, तिलाही काच. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला एनफिल्ड बनू लागली, पण आपण रस्त्यावर पाहिली ती बहुतेक उघडीवाघडी बुलेट. काच दिसायची ती ताफ्यातल्या पोलिसांच्या बुलेटवर आणि हौशी लोकांच्या स्कूटरवर. अमेरिकेत सत्तरच्या दशकात क्रेग व्हेटरने विंडजॅमर नावाचं कवच काढलं. त्यातली शहाणपणाची गोष्ट ही की ते हँडलला न लावता गाडीच्या सांगाड्याला लावायचं, म्हणजे वाऱ्याचा धक्का हँडलपर्यंत येत नाही. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूची आर १०० आरएस आली. तिचं कवच पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये तपासून घडवलं होतं. आपल्याकडे कारखान्यातूनच कवच लावून आलेली आणि पोरांच्या मनात भरलेली गाडी म्हणजे २००३ ची करिझ्मा. पुढे २००७ ची पल्सर २२०, आणि २०१६ ची हिमालयन, तिला छोटी उभी काच.

थोडं विषयांतर. या काचा काचेच्या नसतातच. अ‍ॅक्रिलिक नावाचं हे प्लास्टिक तीसच्या दशकात बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छतांना लागलं. जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत त्याचे कण गेले, पण डोळ्यांनी त्यांचा फार त्रास करून घेतला नाही, हे हॅरोल्ड रिडली या डॉक्टरने पाहिलं आणि १९४९ मध्ये त्याच प्लास्टिकचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत बसलेली भिंगं याच घराण्यातली. असो.

ही सगळी यादी नीट पाहिली तर एक गोष्ट दिसते. इंग्लंड, जर्मनी, इटली. काच जन्माला आली ती थंडी आणि पाऊस अडवायला. आपल्याकडे थंडी आहे, नाही असं नाही. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत ताशी ६० ने गेलं तर उघड्या कातडीला ५ अंशांसारखं लागतं. माझे एक काका चामोर्शीकडे शिक्षक होते, राजदूतवर जायचे. स्वेटरच्या आत छातीवर कालचा पेपर घडी घालून ठेवायचे. शाळेत पोचल्यावर तोच पेपर काढून वाचायचे. यापेक्षा स्वस्त विंडशील्ड जगात कुणी बनवलं नसेल.

पण आपला खरा शत्रू उन्हाळा. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कातडीचं तापमान असतं ३५ च्या आसपास. म्हणजे वारा अंगाला थंड करण्याऐवजी तापवतो. घाम वाळवतो हे खरं, पण घाम लगेच संपतो आणि मग उरते ती झळ. अशा वेळी चंद्रपूर-गडचिरोलीचा माणूस काय करतो? दुपट्टा बांधतो. सुती, पातळ, जमलं तर ओला. डोकं, कान, नाक सगळं झाकून. तिकडे विंड टनेल बांधत होते तेव्हा इकडे प्रश्न सुटलेला होता! गंमत सोडा, पण दुपट्ट्यामागे तत्त्व आहे. तो वारा फेकत नाही, गाळून घेतो. कानाजवळचा वारा मंद करतो आणि ओला असेल तर गार करून आत सोडतो. फक्त त्याने डोकं फुटायचं वाचत नाही. १९३५ मध्ये लॉरेन्स ऑफ अरेबिया मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांतले डॉक्टर ह्यू केर्न्स यांनी पुढे १९४१ मध्ये स्वारांच्या डोक्याच्या जखमांवर अभ्यास छापला आणि ब्रिटिश सैन्यात हेल्मेट सक्तीचं झालं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही १२९ वं कलम तेच सांगतं. तेव्हा दुपट्टा एकपदरी, गाठ मानेखाली, आणि वर हेल्मेट. जाड गाठ हेल्मेटच्या आत नको, हेल्मेट सैल बसतं आणि सैल हेल्मेट वाऱ्यात जास्त हालतं.

आता मुद्द्याचं. काच लावायची तर कशी? मी कोड डीबग करतो तसंच केलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी तोच रस्ता, तोच वेग.

पहिलं काम, काच पूर्ण काढून चालवणं. डोकं तरीही हालत असेल तर दोष हेल्मेटचा. हालत नसेल तर काचेच्या कडेचा. दुसरं, काच लावून मोकळ्या सरळ रस्त्यावर बेताच्या वेगाने आधी जरा ताठ बसायचं, मग जरा वाकायचं. ताठ बसल्यावर शांत वाटलं तर डोकं भोवऱ्यांच्या वर गेलं, म्हणजे काच खाली घ्यायची. वाकल्यावर शांत वाटलं तर काच वर घ्यायची किंवा कल बदलायचा. बदल बोटभर करायचा, वीतभर नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांना पटत नाही. काचेच्या खाली, दिव्याच्या वर, दोन-तीन सेंटीमीटर फट ठेवायची. लोक ती फट रबर लावून बंद करतात, वारा येतो म्हणून. काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्या पोकळीत वरची हवा गोल फिरून घुसते आणि डोक्याच्या मागून-पुढून ढकलते. खालच्या फटीतून थोडी हवा आत सोडली की पोकळी भरते आणि भोवरे मवाळ होतात. मेकॅनिकने लांब बोल्ट आणि रबरी वायसर टाकून ते पाच मिनिटांत केलं. फरक काचेच्या उंचीपेक्षा या फटीने जास्त पडला. आणि मे महिन्यात इंजिनाची गरम हवा मांडीवर कोंडून राहत नाही हा फायदा वेगळाच.

चौथं, उंची. काचेची कड नाकाच्या रेषेखाली राहावी, म्हणजे आपण काचेतून न बघता काचेवरून बघतो. हे निव्वळ सोयीचं नाही. आपल्याकडची मुरमाची धूळ काचेवर बसते, कोरड्या फडक्याने पुसली की बारीक चरे पडतात. दिवसा ते दिसत नाहीत. संध्याकाळी समोरून ट्रकचा दिवा आला की प्रत्येक चरा पेटतो आणि रस्ता नाहीसा होतो. (पुसायला भरपूर पाणी वापरा. पेट्रोल चुकूनही नको, प्लास्टिकला जाळीसारखे तडे जातात.)

एवढी खटपट कशासाठी, असं बायको विचारते. प्रश्न रास्त आहे. चिचपल्लीच्या जंगलात संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चितळ येतं, रानडुक्कर येतं, कधी पट्टेवालाही येतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ताजा माणूस ब्रेक दाबायला एक सेकंद घेतो असं धरलं, आणि दीड तास टपल्या खाल्लेल्याने अर्धा सेकंद जास्त घेतला, तर आठ मीटर गेले. आठ मीटरमध्ये चितळ वाचतं किंवा मरतं, आणि आपणही. शिवाय हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ताशी ६५-७० च्या पुढे ९० डेसिबलच्या वर जातो. त्यात झुडपातली हालचाल ऐकू येत नाही हे एक, आणि रोज तासन्‌तास असा आवाज खाल्ल्याने कान कायमचे मंद होतात हे दुसरं.

मी तर वर्षातून दोनदा जातो. पण या रस्त्यांवर रोज जाणारे शिक्षक आहेत, आरोग्यसेविका आहेत, वनरक्षक आहेत. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी कामाला रोज ६०-७० किलोमीटर जाऊन परत येणारी माणसं कमी झाली नाहीत. त्यांच्या गाडीला ना विंड टनेल लाभला, ना कुणी त्यांच्या वाऱ्याचा विचार करून काच घडवली. बाजारात मिळते ती एकाच मापाची. पाच फुटी बाई आणि सहा फुटी बुवा, दोघांनाही तीच. कारमानपासून व्हेटरपर्यंत सगळ्यांचं सांगणं एकच निघतं, की वारा थांबत नाही, त्याची कड कुठे पडावी एवढंच आपल्या हातात असतं. ती कड प्रत्येकाच्या डोक्याच्या मापाने बसवावी लागते. त्याला लागतात चार वायसर, दहा नंबरचा पाना आणि एक मोकळी सकाळ.

ज्यांच्या घरी रोज असं जाणारं कुणी आहे, त्यांनी येत्या रविवारी त्यांच्या गाडीच्या काचेखाली फट आहे का ते बघा. नसेल तर पाना घ्या. आणि दुपट्टा ओला करायला विसरू नका :-)